शाळेचा वक्तृत्व आणि वादविवाद संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडली की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कुणी गेटवर थांबवून विचारतं, कुणी मुलाच्या डायरीत चिठ्ठी पाठवतं, कुणी रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर. ते प्रश्न इथे पालकांच्या आणि मुलांच्याच शब्दांत घेतले आहेत. नव्यांसाठीचे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक वेगळं असतं. आमच्या उत्तरात आणि नियमपत्रकात फरक दिसला तर नियमपत्रक धरा.

१. वक्तृत्व आणि वादविवाद यांत फरक काय? माझ्या मुलीने कशात भाग घ्यावा?

वक्तृत्वात विषय आधी कळतो, भाषण बसवायला वेळ मिळतो आणि आपलं म्हणणं आपण एकट्याने पूर्ण मांडतो. वादविवादात समोर विरुद्ध बाजू असते. तिचं ऐकून घ्यायचं आणि तिला उत्तर द्यायचं. ऐनवेळच्या वक्तृत्वात चिठ्ठी उचलायची, काही मिनिटं विचार करायचा आणि बोलायला उभं राहायचं (प्र. १२ पाहा).

सातवी-आठवीच्या मुलांनी वक्तृत्वापासून सुरुवात केलेली बरी, कारण सभागृहासमोर उभं राहण्याची सवय होते. पण घरात प्रत्येक गोष्टीला "असंच का?" विचारणारी मुलगी असेल तर तिला सरळ वादविवादाला पाठवा. तिला तिथे जास्त मजा येईल.

२. माझा मुलगा फार कमी बोलतो. तो संघात टिकेल का?

हो. कमी बोलणारी मुलं बहुतेक वेळा चांगलं ऐकतात, आणि वादविवादात निम्मं काम ऐकण्याचंच असतं. पहिला महिनाभर आम्ही नव्या मुलांना व्यासपीठावर उभंच करत नाही. ती इतरांची भाषणं ऐकून मुद्दे टिपतात, घड्याळ सांभाळतात, घंटा वाजवतात. मग एके दिवशी कुणाच्या तरी मुद्द्याला बाकावरूनच उत्तर देतात, आणि तिथून त्यांची गाडी सुरू होते. फक्त मुलाला जबरदस्तीने आणून बसवू नका.

३. निवड कशी होते? पाठांतर करून यायचं का?

जूनच्या शेवटी निवडचाचणी असते. त्यात दोन मिनिटं बोलायचं. विषय आम्ही देतो आणि तो रोजच्या जगण्यातला असतो: शाळेत मोबाइल असावा का, सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळू द्यावं का. त्यावर आम्ही एक उलट प्रश्न विचारतो. खरी निवड त्या उलट प्रश्नाच्या उत्तरावर होते. पाठ केलेलं भाषण आणलं तर ऐकून घेतो, पण त्यावरून काही ठरवत नाही.

४. स्पर्धा कधी असतात? अभ्यास बुडेल का?

आंतरशालेय स्पर्धांचा भर जुलै ते जानेवारी. ऑगस्टात आणि दिवाळीनंतर गर्दी असते, परीक्षांच्या आठवड्यांत जवळपास काहीच नसतं. सराव आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर. स्पर्धेच्या आधीचा आठवडा थोडा जड जातो, हे मान्य. त्या आठवड्यात घटक चाचणी असेल तर मूल स्पर्धेला जाणार नाही, हा आमचा ठरलेला नियम आहे आणि कितीही मोठ्या करंडकासाठी तो मोडत नाही.

५. भाषण कोण लिहितं? मुलाचे काका प्राध्यापक आहेत, त्यांनी लिहून दिलं तर चालेल का?

हा प्रश्न दरवर्षी सर्वांत जास्त येतो आणि आमचं उत्तर दरवर्षी तेच असतं. भाषण मुलानेच लिहायचं. काकांनी नाही, आईने नाही, आम्ही शिक्षकांनीही नाही.

मोठ्यांनी लिहिलेलं भाषण पहिल्या अर्ध्या मिनिटात ओळखू येतं. तेरा वर्षांचा मुलगा "समाजमनाच्या गाभाऱ्यात" म्हणाला की परीक्षक पेन खाली ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे अशा भाषणातलं एक वाक्य विसरलं की मुलाला पुढे जाताच येत नाही. शब्द त्याचे नसतात, त्यामुळे वाक्यामागचा विचारही त्याच्या हाताशी नसतो. स्वतः लिहिलेल्या मुलाचं वाक्य हरवलं तर तो दुसरं वाक्य करतो.

मदत जरूर करा, पण ती प्रश्न विचारून करा. "तुला हे का वाटतं?", "याचं उदाहरण आपल्या चाळीत कुठे दिसतं?", "तुझ्या आजोबांना हे पटेल का?" काकांना बसवा समोर, त्यांना विरुद्ध बाजू घेऊ द्या आणि मुलाला त्यांच्याशी वाद घालू द्या. प्राध्यापक काकांचा याहून चांगला उपयोग नाही. संगणकाकडून भाषण लिहून घेण्याबद्दल प्र. १० मध्ये लिहिलं आहे.

६. कागद हातात धरता येतो का?

मराठी वक्तृत्व स्पर्धांत बहुतेक ठिकाणी नाही. वादविवादात टिपणाची छोटी कार्डं बहुधा चालतात आणि इंग्रजी संघस्पर्धांत तर ती लागतातच, कारण समोरच्याचं बोलणं लिहून घ्यावं लागतं. आम्ही मुलांना पूर्ण भाषण पाठ करायला सांगत नाही. सुरुवातीची दोन वाक्यं, शेवटची दोन आणि मधल्या मुद्द्यांचा क्रम पक्का असला की पुरतं.

एक सवय मात्र सोडवतो. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" यात पंधरा सेकंद जातात. एका वाक्यात नमस्कार करून विषयाला हात घालायचा.

७. मराठी वादविवाद स्पर्धेत नेमकं काय होतं? आम्ही कधी पाहिलेली नाही.

नेहमीची पद्धत अशी: प्रत्येक शाळेचे दोन वक्ते, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरोधात. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. प्रत्येकाला चार-पाच मिनिटं, वेळ संपण्याच्या मिनिटभर आधी इशाऱ्याची घंटा आणि मग शेवटची. काही स्पर्धांत खंडनासाठी वेगळा वेळ देतात, काहींत ते भाषणातच करायचं असतं. दोघांच्या गुणांची बेरीज करून सांघिक फिरता करंडक देतात, शिवाय वैयक्तिक प्रथम, द्वितीय, तृतीय आणि उत्तेजनार्थ बक्षिसं असतात.

क्रमात पहिला नंबर आला की मुलांचे चेहरे पडतात. पहिल्या वक्त्याला खंडन करायला काही नसतं हे खरं. पण विषय कशाबद्दल आहे हे सभागृहाला सांगण्याची संधीही त्यालाच मिळते, आणि ती नीट वापरली तर पुढच्या सगळ्यांना त्याच्या चौकटीत बोलावं लागतं.

८. इंग्रजी स्पर्धांच्या पत्रकात "वर्ल्ड स्कूल्स" लिहिलेलं असतं. ते काय?

शालेय वादविवादाची जागतिक स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाली. तिची पद्धत आता मुंबईतल्या इंग्रजी स्पर्धांतही वापरतात. प्रत्येक बाजूचे तीन वक्ते असतात आणि प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात. शेवटी दोन्ही बाजूंचं चार मिनिटांचं समारोपाचं भाषण होतं. ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं असतं आणि त्यात विरोधी बाजू आधी बोलते. मुख्य भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचे उभे राहून छोटा प्रश्न विचारू शकतात. तो घ्यायचा की नाही हे वक्ता ठरवतो. पूर्ण भाषणात एक-दोन प्रश्न घ्यावेत. एकही न घेणारा वक्ता घाबरलेला वाटतो.

काही विषय आधी कळतात, काही फक्त तासभर आधी. त्या तासात इंटरनेट नाही आणि प्रशिक्षकही नाही. गुणांत आशयाला ४०, शैलीला ४० आणि डावपेचांना २० असा भाग असतो. उच्चारांवरून हार-जीत ठरेल ही भीती मराठी माध्यमाच्या मुलांना फार असते. गुणांची वाटणी पाहिली की ती कमी होते.

९. मला जी बाजू मिळाली ती मला पटतच नाही. खोटं बोलायचं का? आणि बाबा म्हणतात, तुम्हाला नुसतं भांडायला शिकवतात.

खोटं बोलायचं नाही. त्या बाजूला खरंच विश्वास ठेवणारी शहाणी माणसं आहेत, ती का ठेवतात हे शोधायचं. सापडलं की त्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडता येतं. सभागृहात सगळ्यांना माहीत असतं की बाजू वाटून दिलेली आहे, त्यामुळे यात कुणाची फसवणूक होत नाही. एखादा विषय तुझ्या घरच्या दुःखाशी किंवा श्रद्धेशी जोडलेला असेल आणि ती बाजू घेणं अगदीच अवघड वाटत असेल, तर आम्हाला आधी येऊन सांग. कारण न विचारता जागा बदलून देऊ.

आता बाबांबद्दल. त्यांना आपल्याच मुंबईतली एक गोष्ट सांग. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तरुण दादाभाई नौरोजी त्यांतलेच. मुलं निबंध वाचायची आणि त्यावर वाद व्हायचा. असाच एक निबंध स्त्रीशिक्षणावर वाचला गेला, चर्चा पेटली, आणि १८४९ मध्ये याच विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. सुरुवातीला तिथे शिकवायलाही तेच जात. मुलींनी शिकावं की नाही हा त्या काळी भर सभेत वादाचा विषय होता, आणि तो वाद झाला म्हणून पुढचं घडलं. आम्ही शाळेत जे करतो ते याच परंपरेतलं आहे असं आम्ही मानतो.

१०. माहिती आणि आकडे कुठून आणायचे? एआयला विचारलं तर चालेल?

वर्तमानपत्राच्या बातमीने सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका. बातमीत "एका अहवालानुसार" लिहिलं असेल तर तो अहवाल शोधा. संकल्पना समजून घ्यायला मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट उपलब्ध आहे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात मुलांना एकदा तरी घेऊन जा. १८९८ पासूनची ही संस्था आहे.

आकडा घेताना त्याचं वर्षही लिहून घ्यायचं. मुंबईची लोकसंख्या म्हणून मुलं सुमारे १ कोटी २४ लाख हा आकडा सांगतात. तो २०११ च्या जनगणनेचा आहे, आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. "२०११ च्या जनगणनेनुसार" एवढे शब्द जोडले की तोच आकडा विश्वासार्ह होतो. एका भाषणात दोन-तीन आकडे पुरे. श्रोत्यांच्या त्याहून जास्त लक्षात राहत नाहीत.

एआयला विरुद्ध बाजूचे प्रश्न विचारायला सांगणं चालेल, सराव म्हणून. त्याच्याकडून भाषण लिहून घेणं प्र. ५ मधल्या काकांसारखंच. त्याने दिलेला आकडा किंवा कुणाच्या तोंडचं वाक्य मूळ ठिकाणी सापडलं नाही तर आमच्याकडे ते बाद.

११. खंडन जमतच नाही. समोरच्याचं ऐकून लगेच काय बोलायचं?

सरावातलं एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण खरी गोम इथेच आहे.

विषय होता, "मुंबईतील सर्व लोकल वातानुकूलित कराव्यात." बाजूने बोलणारी मुलगी म्हणाली: २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारं आपोआप बंद होतात. दारात लटकून माणसं पडतात आणि जीव जातात. सगळ्या लोकल अशा केल्या तर हे थांबेल.

विरोधी वक्ता पहिल्यांदा म्हणाला, "पण तिकीट किती महाग आहे!" टाळ्या मिळाल्या. पण हे खंडन झालं नाही. ती जिवाबद्दल बोलत होती आणि हा पैशांबद्दल बोलला. तिचा मुद्दा जागच्या जागी उभा राहिला, आणि ऐकणाऱ्याला वाटलं की याला जिवापेक्षा तिकीट मोठं वाटतं.

त्याला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "दारात लटकणाऱ्यांचे जीव वाचले पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. पण जीव बंद दाराने वाचतो, गारव्याने नाही. मग साध्या लोकललाच आपोआप बंद होणारी दारं आणि हवा खेळती ठेवायची सोय का करू नये? तोच जीव सेकंड क्लासच्या पासात वाचेल." आता मुद्दा हलला. आता त्या मुलीला सांगावं लागलं की बंद दारांच्या गच्च भरलेल्या डब्यात, मे महिन्यात, नुसत्या हवेच्या झरोक्यांवर माणसं ठाण्यापर्यंत कशी तग धरतील. वाद खरा तिथून सुरू झाला.

म्हणजे क्रम असा: ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांग, त्यातलं खरं असेल ते मान्य कर, मग तिचं कारण तिच्या निष्कर्षापर्यंत कुठे पोचत नाही ते दाखव. आणि तिच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर दे. कच्च्या मुद्द्यावर तुटून पडलं की टाळ्या मिळतात, गुण मिळत नाहीत.

१२. ऐनवेळचा विषय मिळाला आणि काही सुचलंच नाही तर?

विषय कितीही मोठा असो, तो एका ओळखीच्या माणसावर आणून ठेव. "जागतिकीकरण" आलं तर तुझ्या गल्लीतला मोबाइल दुरुस्त करणारा आठव. त्याच्या दुकानातले सुटे भाग कुठून येतात, दहा वर्षांपूर्वी तो काय करत होता, उद्या काय करेल. तीन प्रश्नांत तीन मिनिटं भरतात. मधेच अडकलास तर थांब, श्वास घे, शेवटचं वाक्य पुन्हा म्हण. तुला युगासारखा वाटणारा तो क्षण श्रोत्यांना जाणवतही नाही.

१३. आमच्या घरी मालवणी बोलतात. मुलीचं मराठी "शुद्ध" नाही म्हणून तिला घेणार नाही का?

घेणार, आणि तिची बोली तिच्याकडून काढून घेणार नाही. मुंबईचं मराठी आगरी, कोळी, मालवणी, देशावरचं, खानदेशी असं सगळं मिळून झालं आहे. औपचारिक स्पर्धेत प्रमाण मराठी अपेक्षित असते आणि काही परीक्षक न-ण, ल-ळ यांवर गुण कापतात, हेही खरं. म्हणून त्या उच्चारांचा सराव आम्ही करून घेतो. रोज पाच मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं की दोन-तीन महिन्यांत फरक पडतो. पण घरातला एखादा शब्द, एखादी म्हण भाषणात आली तर ती राहू द्या. सभागृह तिथेच जागं होतं.

१४. स्पर्धेच्या दिवशी कसं जायचं, काय न्यायचं?

शाळेचा गणवेश, ओळखपत्र, शाळेचं पत्र, पाण्याची बाटली, डबा, साधं घड्याळ (मोबाइल बाहेर ठेवावा लागतो). संघ शिक्षकांबरोबर जातो आणि परत येतो. मधल्या स्टेशनावर मुलाला उतरवून घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी लेखी कळवा.

स्पर्धा बऱ्याचदा रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड जलद मार्ग बंद असला की गाड्या धीम्या मार्गावरून उशिरा धावतात. हार्बरवर तर काही टप्प्यात गाड्याच नसतात. शनिवारी संध्याकाळी ब्लॉकची वेळ पाहून आम्ही निघण्याची वेळ कळवतो. ती लवकरची वाटली तरी पाळा. जुलै-ऑगस्टात जादा मोजे द्या. ओल्या पायांनी बोलायला उभं राहणं फार त्रासाचं असतं.

१५. पालकांना सभागृहात बसता येतं का?

बहुतेक ठिकाणी मागच्या रांगांत बसता येतं. खुणा करू नका, चित्रीकरणाआधी आयोजकांना विचारा. आणि घरी जाताना ट्रेनमध्येच चुकांची उजळणी नको. त्या दिवशी फक्त जेवायला घाला.

१६. निकाल पटला नाही तर तक्रार करता येते का?

गुणांच्या बेरजेत किंवा वेळेच्या नोंदीत चूक दिसली तर संघाच्या शिक्षकांनी निकाल जाहीर झाल्यावर लगेच आयोजकांशी बोलायचं. मुलांनी किंवा पालकांनी नाही. परीक्षकांच्या मताबद्दल तक्रार होत नाही. मात्र "मी कुठे कमी पडलो?" हे मुलाने परीक्षकांना नम्रपणे जरूर विचारावं. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि ते ऐकलेलं वहीत लिहून ठेवावं.

१७. समोरच्या वक्त्याने धडधडीत चुकीचा आकडा दिला. ओरडून सांगायचं का?

नाही. तुझी पाळी यायची असेल तर एका वाक्यात योग्य आकडा, त्याचं वर्ष आणि तो कुठला ते सांग आणि पुढे जा. "ते खोटं बोलतात" असं म्हणू नकोस. चूक आणि खोटेपणा यांतला फरक तुला तिथे सिद्ध करता येत नाही. तुझी पाळी होऊन गेली असेल तर सोडून दे. खात्री नसेल तर आकड्याला हात न लावता विचार: "हा आकडा खरा धरला तरी त्यावरून हा निष्कर्ष निघतो का?" (प्र. ११ मधला क्रम इथेही चालतो.)

१८. आदल्या रात्री जोडीदाराला ताप आला तर?

म्हणूनच प्रत्येक संघात एक राखीव वक्ता असतो, आणि तो दोन्ही बाजूंची तयारी करतो. दोन वक्त्यांच्या स्पर्धेत राखीवही नसेल तर एकट्याला वैयक्तिक बक्षिसासाठी बोलू देतात का, हे आयोजकांना विचारतो. आजारी मुलाला गोळी देऊन पाठवू नका. आम्ही त्याला गेटवरून परत पाठवू.

१९. या प्रमाणपत्रांचे दहावीला वाढीव गुण मिळतात का?

नाही. ते गुण क्रीडा, चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला अशा ठरावीक गोष्टींसाठी आहेत. वक्तृत्व त्यांत येत नाही.

२०. दहावीच्या वर्षी संघात राहता येतं का? अकरावीत गेल्यावर काय?

दहावीची मुलं दिवाळीपर्यंत स्पर्धा करतात, मग थांबतात. पूर्वपरीक्षेनंतर कुणालाही बोलावत नाही. अकरावीपासून कनिष्ठ महाविद्यालयांच्या स्पर्धा वेगळ्या असतात आणि बऱ्याच महाविद्यालयांत वादविवाद मंडळ असतं. प्रवेश झाल्यावर पहिल्याच आठवड्यात चौकशी करा, कारण त्यांच्या निवडचाचण्या लवकर होतात. आणि शनिवारी वेळ असेल तर आमच्या सरावाला परीक्षक म्हणून या. नव्या मुलांना शिक्षकांपेक्षा तुमचं म्हणणं लवकर पटतं.